विसरणाऱ्या माणसाला नवं काम शिकवायचं तर

माझा मोठा चुलतभाऊ, घरात सगळे त्याला भाई म्हणतात, रोज सकाळी काजूच्या टेबलासमोर बसतो आणि म्हणतो, "माका ह्यां येना नाय." मी वाद घालत नाही. रिकामं भांडं त्याच्या हातात देतो. तो ते काट्यावर ठेवतो, शून्य करतो, काजूगर ओततो, पाऊच भरतो, तोंड चिकटवणाऱ्या सीलरखाली धरतो. तासाभरात पाव किलोची चाळीसेक पाकिटं होतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "माका ह्यां येना नाय."

भाई दहा वर्षं मालवणच्या ट्रॉलरवर खलाशी होता. एका जुलैत ओल्या रस्त्यावर बाईक घसरली. हेल्मेट होतं, पण आरशाला अडकवलेलं. डोक्याला मार लागला आणि दीड महिन्याने तो घरी आला, तेव्हा जुनं सगळं जागच्या जागी होतं: जाळ्याच्या गाठी, वारा कुठून फिरला की काय करायचं, कुठल्या खडपाशी कुठला मासा लागतो. नवं मात्र टिकेना. च्या पिऊन कप खाली ठेवला की पाच मिनिटांत विचारणार, "च्या झाली?" बोटीवर परत पाठवणं शक्यच नव्हतं. घरी काजूचा छोटा धंदा होता, म्हणून पॅकिंग शिकवायचं ठरलं. कोणालाही अर्ध्या दिवसात येईल असं काम. भाईला यायला तीन महिने लागले, आणि त्यातले पहिले तीन आठवडे माझ्यामुळे फुकट गेले.

डोक्याला मार, पक्षाघात, मेंदूज्वर, दारूने झालेलं नुकसान किंवा म्हातारपणी सुरू झालेला विसर, यांतलं काही ज्यांच्या घरात आहे आणि त्या माणसाला काहीतरी नवं शिकवायची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. एका ऑक्युपेशनल थेरपिस्टताईंनी (आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या) दाखवलेल्या चार गोष्टी, थोडं वाचन आणि बरेचसे वाया गेलेले काजू एवढीच माझी पुंजी.

सुरुवातीलाच एक सांगतो. विसर कशामुळे आहे हे डॉक्टरांकडून कळल्याशिवाय शिकवायला बसू नका. बी-१२ची कमतरता, थायरॉईड, रक्तातलं सोडियम उतरणं, एखादी गोळी किंवा नैराश्य यांमुळेही माणूस विसरतो, आणि यांवर उपचार आहेत. कान आणि डोळेही तपासून घ्या. कानात मळ साचलेल्या म्हाताऱ्याला "भ्रमिष्ट झालो" ठरवून मोकळं झालेलं घर मी पाहिलंय.

आधी एक म्हण बाजूला ठेवा

"चुकेल तो शिकेल." आपण सगळे असेच शिकलो. पोहायला, सायकल चालवायला, नारळ सोलायला. भाईलाही मी तसंच शिकवायला गेलो. "करून बघ, चुकलं तर सांगतो." त्याने काट्याचं शून्य करायचं बटण सोडून शेजारचं चालू-बंदचं बटण दाबलं. मी सांगितलं, "ते नव्हे, हे." दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तेच दाबलं. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याने माझा पारा चढला, "काल सांगितलंय मा तुका!" त्याला काल आठवतच नव्हतं, त्यामुळे मी का ओरडतोय हेही कळेना. तो नुसता घाबरला, आणि घाबरून पुन्हा तेच बटण दाबलं.

थेरपिस्टताईंनी हे ऐकलं आणि एकच वाक्य म्हणाल्या: "तो शिकलाय की. चुकीचं बटण दाबायला तुम्हीच त्याला शिकवलंत."

चुकीतून शिकायला चूक आठवावी लागते. मी काल हे केलं, ते फसलं, म्हणून आज ते करू नये, असा आपला हिशोब असतो. ज्याची ही आठवणच पुसली जाते, त्याच्याकडे उरते फक्त हाताला लागलेली सवय. सवयीला बरोबर-चूक कळत नाही, जे जास्त वेळा झालं तेच ती पुढे करते. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडले आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ साली हे नीट तपासून मांडलं. त्यांनी लोकांना शब्द शिकवले. एका पद्धतीत सुरुवातीची अक्षरं देऊन आधी अंदाज करायला लावला आणि मग बरोबर शब्द सांगितला. दुसरीत अंदाजाला वावच न देता थेट शब्द सांगून लिहून घेतला. ज्यांची स्मृती गेली होती त्यांना दुसऱ्या पद्धतीचा सगळ्यात जास्त फायदा झाला.

म्हणजे आपलं काम चूक सुधारायचं नाही. चूक होऊच द्यायची नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

इथे एक पोटनियम. विसर हलका असेल, काल काय चुकलं ते आज माणसाला आठवत असेल, तर त्याला थोडं धडपडू द्यावं. स्वतः आठवून केलेलं जास्त टिकतं. ओळखायचं कसं? दुसऱ्या दिवशी सहज विचारा, "काल आपण टेबलावर काय केलं?" उत्तर कोरं आलं तर हा लेख तुमच्यासाठी.

डोक्यातून गेलेलं हातात राहतं

घरच्यांना पहिली शंका हीच येते: ज्याला सकाळचं जेवण आठवत नाही तो काम काय शिकणार?

जिनिव्हातले डॉक्टर क्लापारेद यांनी १९११ साली एक किस्सा लिहून ठेवलाय. स्मृती गेलेल्या एका बाईंशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवली होती. बाईंना टोचलं, थोड्या वेळाने त्या विसरल्याही. पण डॉक्टरांनी पुन्हा हात पुढे केला तेव्हा त्यांनी आपला हात मागे घेतला. का, ते नीट सांगता येईना. (आजच्या काळात कोणी हा प्रयोग केला तर नातेवाईक दवाखाना फोडतील.)

दुसरं उदाहरण हेन्री मोलेसन यांचं. आकडी थांबावी म्हणून १९५३ मध्ये अमेरिकेत त्यांच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा काही भाग काढला, त्यात हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी बसवणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा गेला. त्यानंतर २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांच्या मनात नवी घटना जवळपास टिकलीच नाही. पण मानसशास्त्रज्ञ ब्रेन्डा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा तीन दिवसांत त्यांचा हात सफाईदार होत गेला. दर दिवशी मात्र हे काम आपण पहिल्यांदाच करतोय असं त्यांना वाटायचं.

घटना साठवणारं कोठार वेगळं आणि हाताची सवय साठवणारं वेगळं. पहिल्याची किल्ली हरवली तरी दुसरं बऱ्याचदा उघडं असतं. "माका ह्यां येना नाय" म्हणणारा भाई खोटं बोलत नाही. आपल्याला येतं हे त्याला खरंच माहीत नाही. म्हणून "तुला येतंय रे, काल केलंस की" असली समजूत घालण्यात वेळ घालवू नका. भांडं हातात द्या.

पायरी १: एकच काम निवडा

रोज होणारं, रोज त्याच जागी होणारं आणि घराला खरोखर उपयोगी असं. वेळ जावा म्हणून दिलेलं खोटं काम माणूस ओळखतो. भाईला आधी सुंभ गुंडाळायला दिला होता, संध्याकाळी तोच सोडून सकाळी पुन्हा द्यायचा. चार दिवसांनी त्याने तो विहिरीत टाकला. बरोबर केलं.

आधीच्या आयुष्याशी नातं असलेलं काम असेल तर उत्तम. भाईला वजनं करायची सवय होती, बंदरावर मासळी तोलून देण्याची. त्याचा पुढे फार आधार झाला.

पायरी २: स्वतः करा आणि तुकडे पाडा

कागद घेऊन काम स्वतः करा आणि हात काय काय करतो ते लिहा. पॅकिंगला पाच-सहा टप्पे असतील असं मला वाटलं होतं. लिहिल्यावर झाले हे:

१. हात धुऊन कोरडे करणे.
२. डोक्याला टोपी.
३. काटा चालू करणे.
४. शून्य दिसेपर्यंत थांबणे.
५. रिकामं भांडं काट्यावर ठेवणे.
६. भांड्याचं वजन उडवायला शून्याचं बटण दाबणे.
७. डावाने काजू ओतणे.
८. शेवटचे दाणे हाताने घालत २५० ग्रॅमवर आणणे.
९. भांडं पाऊचमध्ये रिकामं करणे.
१०. पाऊचचं तोंड पुसून सरळ करणे.
११. तोंड सीलरच्या पट्टीवर ठेवणे.
१२. दांडा दाबून दिवा विझेपर्यंत धरणे, मग दोन आकडे मोजून सोडणे.
१३. लेबल लावणे.
१४. पाकीट खोक्यात ठेवणे.

यात बाराव्या ओळीत खरं तर तीन कामं आहेत, ते मला भाई अडकल्यावर कळलं. अडकला की समजायचं, आपला तुकडा मोठा पडला.

पायरी ३: शिकवण्याआधी निम्मं काम काढून टाका

मला सगळ्यात उशिरा कळलेली आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट ही. जे शिकवावंच लागू नये अशी व्यवस्था होऊ शकते, ते शिकवत बसू नका.

काट्याचं चालू-बंदचं बटण आम्ही पुठ्ठ्याच्या झाकणाने चिकटपट्टी लावून झाकून टाकलं. काटा सकाळी वहिनी चालू करते. तीन आठवडे मी ज्या चुकीशी झगडलो ती एका पुठ्ठ्याने संपली. लेबलं रिकाम्या पाऊचवर आदल्या रात्री पोरं लावून ठेवतात. बॅच नंबर, तारीख, किंमत ही सगळी डोकं लागणारी भानगड भाईच्या वाट्याला येतच नाही. काट्याची, सीलरची आणि खोक्याची जागा टेबलावर रंगीत टेपने आखली आहे, डावीकडून उजवीकडे, काम ज्या क्रमाने होतं त्याच क्रमाने. टेबलावर दुसरं काही नाही. मोबाईल नाही, चहाचा कप नाही, सुडकं नाही.

आठवा तुकडा सगळ्यात अवघड निघाला, कारण तिथे ठरवावं लागतं. २४९ चालेल का? २५३? हात शिकतो, पण निवाडा करायला आठवण लागते. म्हणून निवाडाच काढून टाकला. काट्यासमोर जाड अक्षरांत कागद लावला: २५०, २५१, २५२, आणि पुढे "बरोबर". यातला आकडा दिसेपर्यंत दाणे घालायचे किंवा काढायचे. काट्यावर आकडे इंग्रजी दिसतात, तर कागदावरही इंग्रजीच लिहिले. पहिल्या कागदावर मी मराठी आकडे लिहिले होते आणि भाई दोन्हीकडे आळीपाळीने बघत बसला होता.

दाण्यांची प्रतवारी त्याला देत नाही. बाजारात ३२० नंबर म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० दाणे, २४० नंबर म्हणजे त्याहून मोठा दाणा. हे डोळ्यांनी वेगळं करणं आमच्या वहिनीलाही कधी कधी जड जातं.

पायरी ४: शब्द ठरवा, आणि सगळ्यांनी तेच वापरा

वहिनी म्हणायची "बंद कर". मी म्हणायचो "चिकटव". पुतण्या म्हणायचा "सील मार, काका". भाईच्या दृष्टीने ही तीन वेगळी कामं होती. आम्ही "दाब" हा एक शब्द पक्का केला आणि भिंतीवर लिहिला, भाईसाठी नव्हे, आमच्यासाठी.

सूचना तीन-चार शब्दांपेक्षा मोठी नको, आणि माणूस ज्या बोलीत विचार करतो त्या बोलीतच हवी. मी शाळेतल्या मास्तरांसारखं प्रमाण मराठीत सांगायचो, का कोण जाणे. "आता भांडां ठेव" म्हणायला लागल्यावर त्याचा चेहरा बदलला.

पायरी ५: शेजारी बसा

समोर बसू नका, उजवं-डावं उलटं होतं. त्याच बाजूला, खांद्याला खांदा. तुकडा स्वतः करून दाखवा, शब्द म्हणा, मग त्याच्या हातावर हात ठेवून तोच तुकडा त्याच्याकडून करून घ्या. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मधे गप्पा नाहीत.

हात थबकला की तीन सेकंदांच्या आत तुम्ही पुढे व्हा, चुकीच्या बटणाकडे जाण्याआधी. "आठवून बघ" म्हणू नका. "पुढे काय?" विचारू नका. ही वाक्यं आपल्या जिभेवर इतकी बसलेली असतात की मी आठवडाभर तोंडात लवंग धरून बसायचो. भाईला एक नियम मात्र आवर्जून शिकवला, अगदी कामाचा भाग म्हणून: नक्की नसेल तर हात मांडीवर, आणि कागदाकडे बघायचं. अंदाज करायचा नाही.

वेळ सकाळची, न्याहारी झाल्यावर. वीस मिनिटं. संध्याकाळी वाटलं तर आणखी वीस. मार लागलेला मेंदू फार लवकर थकतो आणि थकला की चुका सुरू होतात. दोन तासांच्या एका बैठकीपेक्षा वीस मिनिटांच्या दोन बैठका कधीही चांगल्या. मे महिन्यात दुपारी तर विचारच सोडा.

पायरी ६: शेवटापासून शिकवा, मग मदत काढून घ्या

चौदा तुकडे पहिल्या दिवसापासून सलग शिकवायचे नाहीत. आम्ही उलटे गेलो. पहिल्या आठवड्यात तेरा तुकडे मी करायचो आणि तयार पाकीट खोक्यात ठेवायचं फक्त भाईने. मग दांडा दाबणं आणि खोक्यात ठेवणं. मग पाऊच पट्टीवर धरण्यापासून पुढचं सगळं. असं मागे मागे. याचा फायदा असा की काम पूर्ण झाल्याचं समाधान प्रत्येक वेळी त्याच्या हातात येतं आणि नवा तुकडा नेहमी आधीच येणाऱ्या तुकड्यांना जोडला जातो. सुरुवातीपासून पुढे जाण्याची पद्धतही आहे, तीही चालते. काही कामांत, उदाहरणार्थ फोन लावणं, तीच बरी.

तुकडा बसत आला की मदत पातळ करायची. हातावर हात, मग नुसता कोपराला स्पर्श, मग पूर्ण वाक्य, मग अर्धं वाक्य, मग बोट, मग नजर, मग काहीच नाही. एक पायरी उतरल्यावर हात थबकला तर न बोलता एक पायरी वर चढायचं. कॅनडात ग्लिस्की, शॅक्टर आणि टल्व्हिंग यांनी १९८६ मध्ये अशाच विरत जाणाऱ्या खुणांनी स्मृती गेलेल्या लोकांना कॉम्प्युटरचे शब्द शिकवले: आधी शब्द ओळखायला पुरतील एवढी अक्षरं द्यायची आणि पुढे दर वेळी एकेक अक्षर कमी करायचं. पुढे ग्लिस्की आणि शॅक्टर यांनी याच मार्गाने अशा एका बाईंना कॉम्प्युटरवर नोंदी भरण्याचं खरं नोकरीचं काम शिकवलं. म्हणजे काजूची पाकिटं ही काही कमाल मर्यादा नव्हे.

वहीत रोज लिहा: तुकडा क्रमांक आणि किती मदत लागली. पूर्ण मदतीला ३, बोलण्याला २, इशाऱ्याला १, काहीच नाही तर ०. आपल्याला वाटतं काहीच सुधारणा नाही, पण वही उघडली की दिसतं, अकरावा तुकडा ३ वरून १ वर आलाय. आठवडाभर एकाच आकड्यावर अडलेला तुकडा शिकवत राहू नका, तो आणखी फोडा किंवा वस्तू बदला. सीलरचा दिवा भाईला दिसायचाच नाही, कारण खिडकीचा उजेड त्यावर पडायचा. टेबल फिरवलं, तीन दिवसांत जमलं.

अंतर वाढवत विचारण्याची युक्ती

ही माझ्या आतेसाठी वापरली. आते चौऱ्याहत्तर वर्षांची, विसर वाढत चाललेला. मुलगा मुंबईला. "झील कधी येतलो?" हा प्रश्न दिवसातून तीस वेळा. उत्तर कालनिर्णयाच्या चौकोनात लिहिलेलं होतं, पण तिथे बघायचं हेच तिला आठवत नव्हतं.

मग असं केलं. मी म्हणालो, "आते, झिलाची तारीख कालनिर्णयावर असता. झिलाची तारीख खंय असता?" ती म्हणाली, "कालनिर्णयावर", आणि उठून बोट लावलं. पाच सेकंदांनी तोच प्रश्न, तेच शब्द. मग दहा सेकंदांनी. मग वीस, चाळीस, मग मिनिटभराने, दोन, चार, आठ मिनिटांनी. मधल्या वेळात भाजी निवडायची, इकडच्या तिकडच्या गोष्टी करायच्या. कुठे अडकली तर लगेच उत्तर सांगायचं, तिच्याकडून म्हणवून घ्यायचं आणि ज्या अंतरावर शेवटचं जमलं होतं तिथे परत यायचं. लांडावर आणि ब्यॉर्क यांनी १९७८ मध्ये वाढत्या अंतराची ही कल्पना मांडली. पुढे विसराच्या आजारात तिचा बराच वापर झाला.

उत्तर नुसतं तोंडाने नको, उठून बोट लावणं महत्त्वाचं. आतेला पंधरा दिवस लागले. प्रश्न आजही विचारते, पण विचारत विचारतच भिंतीकडे चालायला लागते.

या युक्तीने एक छोटं उत्तर किंवा एक कृती बसते. चौदा तुकड्यांचं काम बसत नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

खिशातल्या वहीबद्दलही थोडं. तीही शिकवावी लागते, नुसती देऊन भागत नाही: आधी तिच्यात काय कुठे आहे, मग कधी उघडायची, मग घराबाहेर वापरायची. भाईची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, आपल्याकडचा पाऊस बघता. मोबाईलचा गजर लावला तर पडद्यावर काय करायचं तेही लिहा. नुसता वाजणारा गजर माणसाला घाबरवतो.

जागा बदलली की खेळ खल्लास

असं शिकलेलं ज्ञान फार हट्टी असतं. जिथे, ज्या वस्तूवर, ज्या शब्दांत शिकलं तिथेच चालतं. १९८६ च्या त्या अभ्यासातही प्रश्नाची शब्दरचना बदलली की शिकलेले लोक अडखळत होते.

आमच्याकडे हे गणपतीत घडलं. घर मुंबईच्या पाहुण्यांनी भरलं, म्हणून काजूचं टेबल आतल्या खोलीतून पडवीत नेलं. भाई बसला आणि सगळं संपलं, जणू तीन महिने झालेच नाहीत. वर एक काका रोज त्याच्यासमोर उभे राहून विचारणार, "काय रे, ओळखलंस का मला? सांग बघू कोण?" आपल्या लोकांना या खेळाचं काय वेड आहे कळत नाही. विसर असलेल्या माणसाला ही जाहीर परीक्षा असते, आणि त्याने अंदाजाने चुकीचं नाव घेतलं की पुढच्या वेळी तेच नाव येतं. घरात शिरताना आपणच सांगावं, "मी अमका, तुझ्या मावशीचा मुलगा, दादरहून आलोय." एवढं पुरे. पाहुणे गेले, टेबल जागेवर गेलं, तरी आठवडा गेला गाडी रुळावर यायला.

म्हणून काम जिथे कायम करायचंय तिथेच शिकवा. सीलर घेतानाच त्याच मॉडेलचा आणखी एक घेऊन ठेवा, आमचा नवा हिरव्या दिव्याचा निघाला आणि दोन दिवस वाया गेले. दुसऱ्या जागी किंवा दुसऱ्या यंत्रावर काम यायला हवं असेल, तर पहिल्या जागी पक्कं बसल्यावर, वेगळं काम शिकवतोय असं समजून, पुन्हा हातावर हात ठेवण्यापासून सुरुवात करा. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागतो.

लाईट जाण्याचंही शिकवावं लागतं. आपल्याकडे जून उजाडला की दिवसातून चार वेळा जाते. तिचा वेगळा कागद केला: "लाईट गेली. काजू डब्यात. झाकण लाव. हाक मार." तालीम म्हणून मी मुद्दाम मेन स्विच बंद करायचो. झाकण महत्त्वाचं, कारण पावसाळी हवेत उघडे काजू बघता बघता मऊ पडतात.

काय शिकवू नये

एका चुकीने हात भाजेल किंवा बोट जाईल असं काम, शेजारी माणूस नसताना, कधीच नको. काजू फोडणं भाईला देत नाही. टरफलातल्या तेलाने कातडी सोलते, आणि हातमोजे घालायचं विसरणं त्याला एका दिवसापुरतंही परवडणारं नाही. कोयता नाही. गॅस एकट्याने नाही. औषधाच्या गोळ्या दिवसांच्या कप्प्यांच्या डबीत, आणि डबी वहिनीच्या ताब्यात. समुद्राचं नाव अजून काढतो. शेजाऱ्याच्या होडीची गाठ बांधायला घेऊन जातो त्याला, किनाऱ्यावरच.

तुमचं स्वतःचं काय? रोज शिकवणारे दोन जण असू द्या, पण दोघांची पद्धत एक. तुम्ही चिडला असाल त्या दिवशी बैठक नको. चिडल्याचं कारण तो विसरेल, पण तुमच्या शेजारी बसायला अंग चोरेल. टाचणीचा किस्सा आठवा.

खंड पडल्यावर

आमचा धंदा मे महिन्यात आणि गणपती-दिवाळीला चालतो, जुलै कोरडा जातो. म्हणजे कामापुरता कोरडा, बाहेर पाणीच पाणी. पहिल्या वर्षी महिनाभराच्या खंडानंतर मी भाईला थेट टेबलावर बसवून बघत राहिलो, काय उरलंय ते बघू म्हणून. म्हणजे परीक्षाच. पहिल्याच पाकिटाला त्याने भांडं न ठेवता शून्याचं बटण दाबलं, आणि ती चूक काढायला मला आणखी चार दिवस लागले.

आता खंडानंतरची पहिली दहा पाकिटं आम्ही दोघं मिळून करतो, हातावर हात, सगळे शब्द म्हणत. पुढच्या दहांना मी फक्त बोलतो. साधारण तिसाव्याच्या आसपास मी उठून च्या ठेवायला जातो आणि दारातून बघतो. खंड पंधरा दिवसांहून लहान असेल तर दहा-बारा पाकिटांतच हात मोकळा होतो. जुलैत मात्र आता टेबल पूर्ण बंद ठेवत नाही. विकायला नसले तरी आठवड्यातून दोनदा एक-एक किलो काजू काढतो, घरच्या डब्यासाठी, आणि भाईला चार चार पाकिटं करायला देतो.